ऐकू येतंय का? : कॉर्नेल की व्हेनेटा, आणि बाकीची भांडणं

गेल्या अंकात लाइव्ह अल्बमांवर लिहिताना ग्रेटफुल डेडबद्दल मी एकच वाक्य टाकलं होतं, की हा बँड स्टुडिओतला ऐकू नका, स्टेजवरचा ऐका. त्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळचा कॉलम त्यांनाच देऊन टाकतोय. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी : कॅलिफोर्नियाचा जॅम बँड, म्हणजे गाणं धरून मग वाटेल तिकडे वाजवत जाणारा, १९६५ ला सुरू झाला, १९९५ च्या ऑगस्टमधे गिटारवाला जेरी गार्सिया गेला आणि संपला. मधल्या तीस वर्षांत दोन हजारांच्या वर कॉन्सर्ट, गाण्यांचा क्रम रोज वेगळा, आणि त्यातल्या बहुतेकांची कुठली ना कुठली टेप शिल्लक आहे, त्यामुळे भांडायला मटेरियल भरपूर.

प्रश्न : काका, मी आणि माझा मित्र दर रविवारी वैशालीत यावरून भांडतो. तो म्हणतो ८ मे १९७७ च्या कॉर्नेल विद्यापीठातल्या शोपेक्षा भारी शो झालाच नाही, सगळं जग तेच म्हणतं. मी म्हणतो २७ ऑगस्ट १९७२, ऑरेगनमधलं व्हेनेटा. निकाल तुम्ही द्यायचा, हरेल त्याने महिनाभर बिल भरायचं असं ठरलंय. (दोन वाचक, कोथरूड)

बिल तुझ्या मित्राने भरावं, पण निम्मंच, कारण तो चुकलाय तोही निम्माच.

आधी हे बघ की तुम्ही एकाच नावाच्या दोन वेगळ्या बँडवरून भांडताय. १९७१ च्या फेब्रुवारीत मिकी हार्ट सोडून गेला तो कायमचा परत आला १९७६ ला, म्हणजे व्हेनेटाला ड्रमवर एकटा बिल क्रॉइट्झमन आहे आणि पियानोवर कीथ गॉडशॉ, ज्याला येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. कॉर्नेलला ड्रमर दोन. आता याने काय फरक पडतो ते विसर्जनाला अलका चौकात उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको, एकटा ताशेवाला मनात आलं की ठेका बदलून मोकळा होतो, अख्खं पथक वळवायचं तर आधी सगळ्यांना कळावं लागतं की वळायचंय, पण एकदा वळलं की मग छातीत वाजतं. व्हेनेटाचा डार्क स्टार, म्हणजे त्या नावाचं गाणं, अर्ध्या तासाचा आहे आणि त्यात क्रॉइट्झमन मधे मधे ठेका सोडूनच देतो, गार्सिया आणि बेसवाला फिल लेश कुठे निघालेत ते बघत नुसता सिंबलवर राहतो, आणि सगळं पार विस्कटलं असं वाटतं तिथून बँड थेट एल पासोत शिरतो, म्हणजे काउबॉयच्या गोष्टीचं साधं सरळ गाणं. दोन ड्रमर असताना ही उडी अशी पडली नसती. शिवाय ती दुपार काय होती बघ, स्प्रिंगफील्ड क्रीमरी नावाची डेअरी पैशाच्या अडचणीत होती म्हणून तिच्या मदतीसाठी कॉन्सर्ट, तिकिटं त्यांच्या दह्याच्या लेबलांवर छापलेली, ऊन चाळिशीच्या आसपास, गिटारी सारख्या उतरतायत, आणि त्यात हे असं वाजवलंय. डेअरी वाचली, हे पुणेकरांना जास्त महत्त्वाचं वाटेल.

आता कॉर्नेल. ‘सगळं जग म्हणतं’ याचं निम्मं श्रेय बँडचं नाहीच, बेटी कँटर-जॅक्सनचं आहे. ती बँडची रेकॉर्डिंग इंजिनिअर, आणि हॉलमधल्या स्पीकरला जाणारं मिक्स नुसतं टेपवर उतरवून घ्यायच्या ऐवजी ती टेपसाठी आपलं वेगळं मिक्स करायची, त्यामुळे तिच्या टेपा ऐकताना बेस, पियानो, दोन्ही गिटारी आपापल्या जागेवर स्वच्छ बसलेल्या ऐकू येतात. तिची बरीच रिळं पुढे गोदामाचं भाडं थकलं म्हणून १९८६ ला लिलावात गेली, तिथून फॅन मंडळींच्या हातात पडली आणि कॉपीवर कॉपी होत सुटली, त्यांना नावच पडलं बेटी बोर्ड. कॉर्नेलची चांगली टेप वर्षानुवर्षं हातोहात फिरत होती म्हणून ती सगळ्यांनी ऐकलेली, अधिकृत सीडी यायला २०१७ उजाडलं, त्याच्या आधीच लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ च्या नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्रीत तिला बसवून टाकलं होतं. एखाद्या तेवढ्याच चांगल्या रात्रीची टेप घोगरी निघाली असेल तर तिचं नाव कोण घेणार.

म्हणजे कॉर्नेल फुगवलेलं आहे का? पहिला अर्धा भाग थोडासा आहे, माझ्या मते. दुसऱ्या दिवशीचं, ९ मे चं बफेलो लाव, सुरुवातच हेल्प ऑन द वे, स्लिपनॉट, फ्रँकलिन्स टॉवर अशी सलग, आणि पूर्ण शो म्हणून तो मला जास्त एकसंध वाटतो. पण कॉर्नेलच्या दुसऱ्या भागातलं स्कार्लेट बिगोनियाज आणि त्याला जोडून फायर ऑन द माउंटन, तिथे मात्र तुझा मित्र जिंकला. ही जोडी तेव्हा नवीकोरी होती, पहिल्यांदा वाजली त्याच वर्षी १८ मार्चला. स्कार्लेटचे शब्द संपतात, बँडची गायिका डॉना शब्दांशिवाय गात राहते, ड्रमर दोघं लय अजिबात हलवत नाहीत, आणि लेशचा बेस हळूहळू दोनच सुरांभोवती फिरायला लागतो. तुला कळतही नाही की गाणं बदललंय, गार्सिया अजून स्कार्लेटच्याच गोष्टी करतोय, आणि मग त्याची गिटार एकदम वॉव वॉव करत बोलायला लागते, तो म्यूट्रॉन नावाच्या पेडलचा इफेक्ट, आणि तेव्हा लक्षात येतं की आपण दुसऱ्या गाण्यात येऊन बराच वेळ झाला. साधारण सव्वीस-सत्तावीस मिनिटं दोन्ही मिळून, कुठेही सांधा दिसत नाही. त्या वर्षी टेरापिन स्टेशन अल्बमसाठी प्रोड्युसर कीथ ओल्सनने यांना शाळेतल्या पोरांसारखं बसवून तालीम करायला लावली होती, त्याचा परिणाम या सगळ्या टूरवर ऐकू येतो.

यापुढे भांडायचंच असेल तर शो शोशी भिडवू नका, एकच गाणं घ्या. मॉर्निंग ड्यू घ्या : २६ मे १९७२ लंडनचं, २१ सप्टेंबर १९७२ फिलाडेल्फियाचं, आणि कॉर्नेलचं. गाण्याचा शेवटचा भाग पुटपुटल्यासारखा सुरू होऊन वर चढत जातो, तो कोण किती धीराने चढवतो तेवढंच ऐका. कॉर्नेलला गार्सिया शेवटी तारांवर हात नुसता झपाझप फिरवत सुटतो आणि दोघं ड्रमर त्याच्या खालून जमीन वर उचलतात, अंगावर काटा. पण फिलाडेल्फियाला तो डार्क स्टारमधून बाहेर येऊन ड्यू सुरू करतो, तेव्हा ते गाणं कुठून तरी लांबून येऊन पोचल्यासारखं वाटतं, आणि मला विचाराल तर माझं मत तिथे. एक सांभाळा, लंडनचं ड्यू ‘युरोप ७२’ अल्बमवर ऐकणार असाल तर त्या अल्बमवरचं बरंचसं गायन नंतर स्टुडिओत परत भरलंय, त्यामुळे वादन मोजा, आवाज मोजू नका.

प्रश्न : साउंडबोर्ड रेकॉर्डिंग चांगलं की प्रेक्षकांत बसून केलेलं? सगळे साउंडबोर्ड म्हणतात, पण मला ते कोरडं वाटतं. माझ्या कानात काही प्रॉब्लेम आहे का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

कान उत्तम आहेत तुमचे. साउंडबोर्ड म्हणजे मिक्सरमधून थेट घेतलेली वायर, त्यात हॉल नसतोच. आणि मिक्सरमधून स्पीकरला काय जातं, तर जे मुळात हळू आहे ते, म्हणजे गायकांचे आवाज. छोट्या हॉलमधे गिटारचा अ‍ॅम्प स्टेजवरूनच कानठळ्या बसवत असतो, त्याला मिक्सरची गरज नसते, म्हणून कित्येक साउंडबोर्डमधे गाणारा अगदी कानाशी आणि गिटार शेजारच्या बिल्डिंगमधे असा प्रकार ऐकू येतो. प्रेक्षकांतल्या माइकला हे सगळं हवेत मिसळून झालेलंच मिळतं, वर हॉलचा घुमारा आणि लोकांचा आवाज. सवाईच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून कोणी दाद कापून दिली तर तुम्हाला चालेल का? समेवर आल्यावर रमणबागेतनं उठलेला तो ‘वाः’ गेला तर नेमकं काय झालं हे निम्म्या लोकांना कळणारच नाही.

या बँडने रेकॉर्डिंग करणाऱ्यांकडे बहुतेक वेळा काणाडोळाच केला, आणि १९८४ च्या ऑक्टोबरपासून तर त्यांच्यासाठी मिक्सरच्या मागे वेगळी जागाच करून दिली, तिथली तिकिटं वेगळी. त्यामुळे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून प्रेक्षकांतली रेकॉर्डिंग्ज फार चांगली मिळतात, कारण उंच स्टँडवर नीट माइक लावून, नक्की जागा ठरवून ती केलेली आहेत. सत्तरच्या सुरुवातीची मात्र जपून घ्या, त्यात एखादेवेळी गाण्यापेक्षा शेजारच्या माणसाच्या गप्पा जास्त स्पष्ट असतात.

तिसरा प्रकार मॅट्रिक्स, दोन्ही एकत्र मिसळलेलं. ऐकायला सोपं वाटतं पण करणाऱ्याची परीक्षा असते, माइक स्टेजपासून तीस मीटरवर असेल तर तिथे आवाज पोचायला जवळजवळ नव्वद मिलिसेकंद लागतात, तेवढं मागेपुढे सरकवून जुळवावं लागतं, आणि दोन टेपा वेगवेगळ्या मशीनवर झालेल्या असल्या तर दर काही मिनिटांनी परत सरकतात. जमलेलं मॅट्रिक्स मला सगळ्यात आवडतं. फसलेल्यात स्नेअर ड्रम दोनदा वाजतो, तो एकदा ऐकू आला की बाकी काही ऐकू येत नाही.

प्रश्न : १९७४ ची रेकॉर्डिंग्ज ऐकतोय. वादन जबरदस्त आहे पण गाणारे पत्र्याच्या डब्यातून गातायत असं का वाटतं? (एक वाचक, औंध)

कारण त्यांच्यामागे भिंत होती. वॉल ऑफ साउंड, आउस्ली स्टॅन्ली या त्यांच्या साउंडवाल्याच्या डोक्यातून निघालेली, सहाशेच्या आसपास स्पीकर एकावर एक, सगळं मिळून सत्तर-पंचाहत्तर टन सामान, लेशच्या बेसच्या प्रत्येक तारेला स्पीकरचा वेगळा गठ्ठा. गंमत म्हणजे ही भिंत बँडच्या समोर नाही, पाठीशी. जे लोकांना ऐकू येतं तेच वाजवणाऱ्यांना. पण मग गायकाच्या माइकमधे ती अख्खी भिंत शिरणार आणि शिट्टी वाजणार, त्यावर उपाय असा की प्रत्येकाला दोन माइक, एकावर एक, उलट्या जोडणीत. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखा शिरला की एकमेकांना खोडून टाकतो, गायक फक्त एकाच माइकला ओठ लावून गातो म्हणून तेवढं उरतं. पण आवाज थोडा दुसऱ्यातही जातोच ना, आणि खर्जाकडचा भाग जास्त खोडला जातो, राहतो तो वरचा पातळ भाग. तोच तुमचा डबा.

रेकॉर्डिंग दुरुस्त करून हे जात नाही. त्या वर्षीचं वादनच ऐकत जा, २१ मे ला सिअ‍ॅटलला वाजलेलं प्लेइंग इन द बँड शेहेचाळीस मिनिटांचं आहे, त्यात गाणं थोडंच. ऑक्टोबरमधे भिंत मोडीत निघाली, एवढं सामान गावोगाव नेणं कोणालाच परवडण्यासारखं नव्हतं.

प्रश्न : माझे मामा न्यू जर्सीला असायचे, त्यांनी ऐंशीच्या दशकात आणलेल्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर घेतल्या. फायर ऑन द माउंटन अधिकृत सीडीपेक्षा चढं वाटतं आणि संपतंही लवकर. ज्या दुकानात करून घेतलं ते म्हणतात ओरिजिनलच असं आहे. खरं काय? (एक वाचक, सहकारनगर)

ओरिजिनल असं नाहीये ताई. हे फार कॉमन आहे, रेकॉर्ड करणाऱ्याच्या मशीनची बॅटरी उतरत आली की टेप हळू फिरते, मग तीच टेप धड मशीनवर लावली की गाणं पळतं आणि चढतं. त्यात तुमच्या मामांपर्यंत येताना चार मशीनवरून कॉपी झाली असेल, प्रत्येकाचं आपलं वेगळं.

तपासायला सोपं आहे. घरात पेटी असेल तर ती, नसेल तर मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप. फायर ऑन द माउंटन मुळात पांढरी सातमधे आहे, सगळं गाणं तिथून पांढरी सहावर आणि परत एवढंच फिरतं, त्यामुळे चुकायला जागा नाही. तुमची कॅसेट पांढरी एकशी जुळत असेल तर बरोब्बर अर्धा स्वर वर आहे, म्हणजे साधारण सहा टक्के जास्त स्पीड. पंधरा मिनिटांचं गाणं सहा टक्के पळालं तर पन्नासएक सेकंद आधी संपतं, ते ताडून बघा. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमधे दुरुस्त करताना नुसती पट्टी बदलणारं टूल घेऊ नका, स्पीड बदलणारं घ्या, म्हणजे पट्टी आणि लय दोन्ही एकदम खाली येतील. आणि सुरुवात, मध्य, शेवट असं तीन ठिकाणी तपासा, कारण बॅटरी उतरत जाते तशी चूकही वाढत जाते.

अजून दोन गोष्टी. दुकानवाल्याने खरखर काढून दिली असेल तर त्याच्याकडून न काढलेली फाइल मागून घ्या, खरखरीबरोबर सिंबलही गेलेले असतात. आणि आवाज गुदमरल्यासारखा वाटत असेल तर डेकच्या हेडचा कोन त्या कॅसेटशी जुळलेला नाही, बारीक स्क्रू असतो, माहितगाराकडून कानाने ऐकत ऐकत फिरवून घ्या, फरक पडदा बाजूला केल्यासारखा पडतो. गाणं मधेच तुटत असेल तर मात्र इलाज नाही, नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची आणि हा बँड घड्याळ बघून वाजवत नव्हता.

प्रश्न : माझी आई तबला शिकलेली आहे, सवाई चुकवत नाही. माझ्या खोलीतून हे ऐकून म्हणते ‘काय रे, नुसतं लावतच बसलेत’. तिला काय ऐकवू? (एक वाचक, कर्वेनगर)

आईंना आधी हे सांग की मिकी हार्ट उस्ताद अल्ला रखांकडे शिकलाय. साठच्या दशकाच्या शेवटी त्याची त्यांच्याशी गाठ पडली आणि मात्रांचं वेड तिथून बँडमधे शिरलं. लाइव्ह डेड या १९६९ च्या अल्बमवर द इलेव्हन आहे, नावाप्रमाणे अकरा मात्रा, हाताने मोजायला सांग, गप्प बसतील. मग एस्टिमेटेड प्रॉफेट, सात मात्रा, पण रूपकसारखं वजन शोधायला गेल्या तर सापडणार नाही, रेगेच्या अंगाने आळसावून चालतं ते. प्लेइंग इन द बँडची मूळ धून दहा मात्रांची आहे, झपतालाचे विभाग त्यात बसवू नयेत.

आणि हुकमाचं पान शेवटी काढ. १९७६ ला हार्ट आणि झाकिर हुसेन यांनी दिगा ऱ्हिदम बँड म्हणून रेकॉर्ड केली होती, त्यात हॅपिनेस इज ड्रमिंग नावाचा तुकडा आहे, तबला, वाद्यं, सगळं. तो लाव, आणि लगेच पाठोपाठ कॉर्नेलचं फायर ऑन द माउंटन. तीच धून. पुढच्याच वर्षी बँडने तिच्यावर शब्द घेऊन स्टेजवर आणली. हार्ट आणि झाकिरभाईंची दोस्ती शेवटपर्यंत राहिली, प्लॅनेट ड्रम म्हणून दोघांनी केलेल्या कामाला ग्रॅमीही मिळालं. लावत बसलेत हे आईंचं म्हणणं मात्र काही रात्रींबाबत खरंच आहे, दोन गाण्यांच्या मधे हे लोक एवढा वेळ गिटारी लावतात की चहा करून आणावा.

प्रश्न : तुम्ही लोक कायम सत्तरचंच कौतुक करता. नंतर काहीच झालं नाही का? (एक नाराज वाचक, बिबवेवाडी)

झालं की. २९ मार्च १९९०, नॅसॉ कोलिझियम, सॅक्सोफोनवर ब्रॅनफर्ड मार्सालिस, पाहुणा म्हणून आलेला. आइज ऑफ द वर्ल्ड ऐका, पहिल्या काही मिनिटांतच गार्सिया त्याच्यापुढे एक एक वाक्य टाकतोय आणि तो ते उलटं करून परत देतोय. कीबोर्डवर ब्रेंट मिडलंड, जो त्याच वर्षी जुलैमधे गेला. हा एक तुकडा त्याच वर्षी आलेल्या विदाउट अ नेट या अल्बमवर आहे, अख्खा शो २०१४ ला आला. बाकी १९८४-८५ च्या गार्सियाच्या आवाजावरून तुम्ही माझ्याशी भांडणार असाल तर तो अंक वेगळा ठेवू.

प्रश्न : हे सगळं फुकट ऐकणं चोरी नाही ना? (एक वाचक, विद्यापीठ परिसर)

नाही. पैसे न घेता एकमेकांना टेपा द्यायला बँडची परवानगी होती. इंटरनेट आर्काइव्हवर हजारो रेकॉर्डिंग्ज आहेत, २००५ पासून एवढाच फरक की साउंडबोर्ड तिथे नुसती ऐकता येतात, उतरवून घेता येत नाहीत, प्रेक्षकांतली घेता येतात. एकेका तारखेची पाच-सहा वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज असतात, पहिलं दिसलं ते लावू नका, खाली लिहिलेलं वाचा, कुठल्या माइकने, कितवी कॉपी, कुठे टेप बदलली, सगळं दिलेलं असतं.

प्रश्न : मुंबईला गाडीने जाताना यातलं काय लावू? (एक वाचक, बावधन)

बफेलोचा ९ मे. बावधनहून निघून चांदणी चौकात अडकाल तेवढ्यात हेल्प ऑन द वे संपेल, पुढे रस्ता मोकळा आणि फ्रँकलिन्स टॉवरही मोकळा. डार्क स्टार घाटात लावू नका, खोपोलीची एक्झिट चुकेल.